उरलेल्या छत्तीस चढाया

प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामात, २०१७ साली, पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालनं चढाईत ३६९ गुण मिळवले. त्याच हंगामात पकडींच्या यादीत सर्वांत वर नाव होतं हरियाणा स्टीलर्सच्या सुरेंदर नाडाचं, आणि त्याच्या नावापुढे आकडा होता ८०. दोघेही आपापल्या कामात त्या वर्षी देशात अव्वल. तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की बचावपटू हा दुय्यम गडी आहे असं कुणालाही वाटावं. नंतरच्याच हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारनं पकडीचे १०० गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. त्याचं कौतुक झालं, पुरस्कार मिळाला. पण शंभर म्हणजे सामन्यामागे साधारण चार.

हे चार नीट समजून घ्यावेत म्हणून थोडा हिशेब करू. सामना चाळीस मिनिटांचा. एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद. सगळ्या चढाया पूर्ण वेळ चालल्या असं धरलं तरी ऐंशी होतात, म्हणजे एका संघाच्या अंगणात प्रतिस्पर्धी चाळीसदा येतो. त्यांतल्या चार वेळा नितेशनं गडी धरला आणि गुणलेखकानं त्याचं नाव लिहिलं. उरलेल्या छत्तीस चढायांत तो काय करत होता? हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू निवडताना आपण त्या चारांकडे बघून निवडतो. मला त्या छत्तिसांबद्दल बोलायचं आहे. मात्र त्या छत्तिसांपर्यंत जाण्याचा रस्ता एका पकडीतूनच जातो, म्हणून आधी एक पकड सावकाश वाचू.

चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो. त्याच्या तोंडी दम आहे, ‘कबड्डी कबड्डी’ अखंड चालू आहे. समोरचे सात जण मात्र गप्प आहेत. या खेळात आवाज आक्रमणाचा असतो आणि बचाव मुका असतो, निदान गडी हातात येईपर्यंत. सातांनी हात धरून साखळ्या केल्या आहेत. दोन्ही टोकांना कोपरे, त्यांच्या आत दुसरी जागा, मग कव्हर, आणि मधोमध एक गडी. चढाईपटू मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडतो. ती एकदा ओलांडायलाच हवी, नाहीतर तो बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तर तिथे पाय टेकवून, मागचा पाय हवेत ठेवून, तो कुणालाही न शिवता गुण नेऊ शकतो. म्हणजे त्याला दोन वाटा खुल्या आहेत, आणि बचावाला एकाच वेळी दोन्ही बुजवायच्या आहेत.

डाव्या कोपऱ्यातला गडी इथे एक गोष्ट करतो. तो पाऊलभर पुढे येतो आणि पुढचा पाय जरा जास्त वेळ तिथेच ठेवतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, चुकला. ते आमंत्रण असतं. चढाईपटूला ते पाऊल दिसतं, आणि ते पाऊल आमिष आहे हेही चांगला चढाईपटू जाणतो. तरी गुण घ्यायचा तर कुठल्या ना कुठल्या पावलाकडे जावंच लागतं. तो अंगठ्यानं स्पर्श करायला पाय लांबवतो. पाय लांबवला की त्याचं सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं, आणि त्या क्षणी तो मागे वळू शकत नाही. कोपऱ्याचा गडी या अर्ध्या क्षणासाठीच थांबलेला असतो. तो खाली बसत नाही, सरळ खाली कोसळतो. दोन्ही हात घोट्यावर, छाती नडगीला लागलेली, मान आत. घोटा पकडला गेला.

पकड झाली असं आपण इथे म्हणतो खरं, पण खरी झटापट आता सुरू होते. ज्याचा घोटा धरला आहे तो सत्तर-ऐंशी किलोचा जवान आहे, आणि त्याला फक्त मध्यरेषेला बोट लावायचं आहे. तो पुढे झेप घेतो. लोळत, सरपटत, दोन-अडीच मीटर हात लांबवतो. एकट्या घोट्याच्या पकडीला हा धक्का सहसा पेलत नाही. पोळ्याच्या दिवशी बिथरलेला बैल आवरायचा तर एकानं कासरा आवळावा लागतो आणि दुसऱ्यानं पुढून आडवं व्हावं लागतं, इथेही तसंच. पुढून आडवा होणारा तो कव्हर. कोपऱ्याचे हात घोट्याला लागायच्या आत त्यानं धाव सुरू केलेली असते. लागल्यावर निघाला तर उशीर झाला. तो चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधे शिरतो, खांदा छातीला लावतो, कमरेला विळखा घालतो. मग तिसरा येतो, चौथा येतो, ढीग होतो, दम तुटतो, पंचाची शिट्टी.

ही सगळी रचना दोन-तीन सेकंदांची. तिच्यात मला सर्वांत सुंदर वाटतं ते कव्हरचं निघणं. कोपऱ्यानं पाऊल पुढे ठेवलं तेव्हाच शेजाऱ्याला कळलेलं असतं की तो आज, आत्ता, बसणार आहे. हे बोलून कळवता येत नाही, कारण बोललं की समोरच्यालाही कळेल. हातात हात असतो, त्या हातातून कळतं. तळव्याची पकड किंचित घट्ट होते, किंवा सुटते. साखळीला नुसती एक तांत्रिक सोय समजणाऱ्यांनी एकदा बचावपटूंच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या गुंफलेल्या बोटांकडे बघत अख्खा सामना बघावा. खेळाचं अर्धं बोलणं तिथे चाललेलं असतं.

आता गुणपत्रक पाहा. पकडीचा एक गुण. एकाच नावापुढे.

यू मुंबाच्या पहिल्या तीन हंगामांतला बचाव आठवतो. डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपला मुंबईचा विशाल माने. २०१५ साली याच संघानं मुंबईतच बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. नाडा आणि छिल्लर पुढे बंगळुरूला गेले तेही जोडीनं आणि हरियाणाला गेले तेही जोडीनं. संघमालकांना लिलावात जे उमगलं होतं ते पुरस्काराच्या पाटीवर कधी आलं नाही: या दोघांची किंमत एकत्र होती. नाडाचे २०१७ चे ८० गुण वाचताना समोरच्या कोपऱ्यात छिल्लर उभा होता हे वाचलंच पाहिजे. चढाईपटू डावीकडून घाबरून उजवीकडे वळला तर तिथेही त्याला घर सापडत नव्हतं. छिल्लरमुळे नाडाकडे येणं भाग पडलेले गडी नाडाच्या खात्यात जमा झाले, आणि हेच उलटही झालं. विशाल मानेसारख्या कव्हरनं अंगावर घेतलेले धक्के तर कितीतरी वेळा कुणाच्याच खात्यात गेले नसतील. मुंबईच्या मातीतल्या कबड्डीत कव्हरच्या गड्याला जो मान आहे तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आलेल्या आकड्यांत उतरला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि मग त्या छत्तीस चढाया. त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या जातात. चढाईपटू येतो, निदान रेषा ओलांडतो, इकडे हूल, तिकडे हूल, आणि परत जातो. प्रेक्षक यावेळी शेंगा सोलतात. पण रिकामी चढाई आपोआप रिकामी होत नाही. कुणीतरी ती रिकामी केलेली असते. कोपऱ्याचा गडी अर्धं पाऊल मागे राहिला, म्हणून हात पोचला नाही. कव्हरनं बोनसची वाट आपल्या नुसत्या उभं राहण्यानं बंद केली. कुणी अधीर होऊन अंगावर गेलं नाही. पकडीत अपयश आलं की गडी बाद होतो आणि समोरच्याला गुण मिळतो. म्हणून पकड न करणं हा बचावपटूचा रोजचा, शंभरदा घ्यावा लागणारा निर्णय आहे. चांगल्या आणि थोर बचावपटूत फरक असतो तो इथे. चांगला बचावपटू गडी धरतो. थोर बचावपटूला कुणाला जाऊ द्यायचं हे कळतं.

कबड्डीच्या आजच्या नियमांत एक तरतूद आहे जी मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या ‘करो या मरो’च्या चढाईमुळे आधीच्या दोन रिकाम्या चढायांना वजन आलं. बचावानं दाखवलेला संयम साठत जातो आणि तिसऱ्या वेळी त्याचं फळ मिळतं. तिसऱ्या चढाईला येणाऱ्या गड्याचे डोळे बघा; तो आधीच्या दोघांसारखा सैल नसतो. त्याला आत यावंच लागणार आहे हे साती बचावपटूंना माहीत असतं. इथे पकड झाली तर तिचं श्रेय मागच्या दोन चढायांत गप्प उभं राहिलेल्यांचंही असतं.

दुसरी तरतूद अव्वल पकडीची. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा. मोठं मैदान, दोन-तीन गडी, समोर ताजातवाना चढाईपटू, आणि लोण पडायला आलेला. अशा वेळी घोटा धरला तरी पुढून आडवं व्हायला कव्हर नसतो. म्हणून इथली पकड वेगळी असते: घोट्यापेक्षा मांडीची, कमरेची, किंवा सरळ अंगावर धडकून त्याला राखीव पट्ट्याबाहेर घालवणारी. मातीवर हे अवघड होतं, पाय रुतायचे, घसरायचे. मॅट आली, पायांत बूट आले, आणि झेप घेऊन धडकणारा बचाव वाढला. जुन्या लोकांना यात माती हरवल्याचं दुःख आहे आणि मला ते समजतं; पण अव्वल पकडीतली जी निर्भय उडी आज दिसते तिला मॅटनंच जागा दिली हेही मान्य करायला हवं.

या निर्भयतेचा मोठा धडा आपल्याला इराणनं दिला. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धेत आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. २०१८ साली जकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. अठरा. भारतासारख्या संघाला चाळीस मिनिटांत अठरा गुणांवर थोपवणं हे बचावाचं काम होतं, आणि त्या इराणी संघाचा कर्णधार होता फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्याचा गडी, आधीचा कुस्तीगीर. प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामात पाटणा जिंकला तेव्हा सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यानंच मिळवला होता. आपल्याच लीगमध्ये, आपल्याच चढाईपटूंचे पाय वाचत वाचत तो शिकला. त्याच जकार्तात महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ नं हरवलं, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी बाईनं परदेशात जाऊन उभा केलेला तो संघ होता. पदक आपलं गेलं, तरी त्या दिवसाचा मला अभिमानच वाटतो.

फझलच्या मागून त्याच्याच देशाचा, त्याच्याच कोपऱ्याचा मोहम्मदरझा शादलू आला. आठव्या हंगामात पाटण्याकडून त्यानं ८९ गुण करून सर्वोत्तम बचावपटूचा मान घेतला. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि शादलू ९९ गुणांसह पुन्हा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच्यापेक्षा एक गुण जास्त केलेल्या नितेशचा यूपी योद्धा २०१९ च्या जानेवारीत अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडे गुजरातकडून हरला होता. ९९ आणि १०० या आकड्यांत फरक नाही म्हटलं तरी चालेल. फरक भोवतालच्या सहा जणांत होता. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा चढाई आणि बचाव दोन्ही करणारा गडी, त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू. अशा संघात शादलूला पकड करण्याची घाई नव्हती. तरी त्याच्या खेळात मला एक उणीव दिसते ती सांगतो. तो पुष्कळदा धरायच्या आधीच उसळतो. फझलचं थांबणं त्याच्याजवळ नाही. पण त्याचा आवेश अख्ख्या साखळीला लागतो, आणि ही त्याची देणगी फझलजवळही तेवढी नव्हती. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, हरियाणा विजेता झाला, आणि तोच हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

बचावपटूला हंगामाचा मोठा मान देण्याची एक जुनी आणि गाजलेली परंपरा अमेरिकन फुटबॉलची आहे. तिथे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतर्फे पत्रकारांच्या मतांवर सर्वोत्तम बचावपटू निवडतात. १९७१ साली हा मान मिनेसोटा वायकिंग्जच्या ॲलन पेजला मिळाला, आणि त्याच वर्षी तो सबंध लीगचाही सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. बचावपटूला तो मान तोवर कधी मिळाला नव्हता. हाच पेज पुढे वकील झाला आणि मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसला. या गोष्टीत आपल्या कामाचा भाग असा: चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटायच्या आत आडवं करणं, ज्याला तिथे सॅक म्हणतात, त्याची अधिकृत नोंद लीगनं १९८२ पासून ठेवायला सुरुवात केली. पेजला निवडणाऱ्या पत्रकारांसमोर हा आकडाच नव्हता. त्यांनी त्याला डोळ्यांनी निवडलं. आकडे आल्यावर निवड सोपी झाली, आणि माझ्या मते थोडी आंधळीही.

२००९ सालचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क जेट्सचा डॅरेल रेव्हिस हा त्या काळी असा बचावपटू होता की प्रतिस्पर्ध्याचा उत्तमातला उत्तम चेंडू झेलणारा गडी त्याच्या अंगावर सोपवून बाकीचा संघ निर्धास्त व्हायचा. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू टाकायचं शक्यतो टाळत. मैदानाच्या त्या भागाला लोक रेव्हिसचं बेट म्हणू लागले. चेंडूच आला नाही तर तो हिसकावणार काय? त्या वर्षी मान मिळाला ग्रीन बे पॅकर्सच्या चार्ल्स वुडसनला, ज्यानं प्रतिस्पर्ध्याचे नऊ चेंडू हिसकावले होते. रेव्हिसचे सहा होते, तो दुसरा आला. वुडसन मोठाच खेळाडू, त्याच्या मानाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्या धाकानं चेंडू त्याच्या दिशेला येईनासा झाला त्याचा आकडा त्याच्याच गुणवत्तेनं खाली आला. कबड्डीत याचंच रूप म्हणजे ज्या कोपऱ्याकडे चढाईपटू वळतच नाही तो कोपरा. हंगामाच्या शेवटी त्या कोपऱ्याच्या नावापुढे तीस-पस्तीस पकडी असतील. यादीत त्याचं नाव विसावं येईल, आणि त्याच्या संघानं वर्षभर त्या बाजूनं गुण दिलेले नसतील.

आपल्याच घरचा दुसरा खेळ या बाबतीत शहाणा आहे. खो-खोत बचाव घड्याळानं मोजतात. संरक्षक कुणाला बाद करत नाही, तो बाद होत नाही एवढंच त्याचं काम, आणि तेच त्याच्या नावापुढे मिनिटं-सेकंदांत लागतं. वर्तमानपत्रात खो-खोचा निकाल छापून येतो तेव्हा नावापुढे ‘दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण’ असं असतं. म्हणजे घडू न दिलेली गोष्टही नोंदवता येते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. पुरुषांसाठी एकलव्य आणि महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई हे राष्ट्रीय स्पर्धेतले खो-खोचे सर्वोच्च मान. ते आक्रमण आणि संरक्षण दोन्ही तोलून देतात. खो-खोतला संरक्षक तिघांच्या तुकडीत येतो, तरी शेवटी एकटाच पळतो, म्हणून त्याचं मोजमाप सोपं. कबड्डीचा बचाव कधीच एकट्याचा नसतो. अडचण तिथे आहे.

वऱ्हाडाशी कबड्डीचं नातं जुनं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. आमचं खामगाव अमरावतीच्या पश्चिमेला, त्याच कापसाच्या पट्ट्यात. जलंबहून खामगावला येणारा रेल्वेचा फाटा १८७० साली टाकला गेला तो इथला कापूस उचलण्यासाठी. आमच्या भागातली जमीन काळी. पावसात चिखल, उन्हात भेगा. कबड्डीचं मैदान करायचं तर वेगळी माती आणावी लागते, चाळावी लागते, पाणी मारून, दाबून, पुन्हा भुसभुशीत करावी लागते. मग हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, गावोगावी खुले सामने लागतात. वजनी गट ठरतात, ट्यूबलाइटी लागतात, भोंग्यावरून नावं पुकारली जातात.

या सामन्यांच्या पत्रकावर पहिलं, दुसरं, तिसरं अशी संघांची बक्षिसं असतात, आणि खाली वैयक्तिक: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू. मला या पत्रकांचा मोठा आदर आहे. प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावांनी पकडीला स्वतंत्र मान दिला. चढाई आणि पकड यांना एकाच ओळीत, एकाच अक्षरात लिहिलं. आणि गावच्या सामन्यात ही निवड आकड्यानं होतही नाही. पंच, गुणलेखक आणि कडेला बसलेले दोन-चार जुने खेळाडू शेवटच्या रात्री आपसांत बोलतात. कुणी म्हणतं, अमक्यानं सहा पकडी केल्या. मग जुना गडी म्हणतो, ‘सहा केल्या हो, पन त्याच्या बाजूच्यानं किती वाचवल्या ते पाह्यलं का?’ पेजला निवडणाऱ्या पत्रकारांजवळ जी नजर होती ती या बोलण्यात जिवंत आहे. हंगामभराच्या मोठ्या लीगला ती परवडत नाही, कारण तिथे हिशेब पडद्यावर दाखवावा लागतो. आपल्या तीन रात्रींच्या सामन्यांना ती सहज परवडते.

म्हणून यंदा खामगाव तालुक्यात आणि आजूबाजूला सामने भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. गुणपत्रकात एक रकाना वाढवा. पकड झाली की ज्यानं धरलं त्याच्या नावाशेजारी ज्यानं पुढून अडवलं त्याचंही नाव लिहा, आणि रिकाम्या गेलेल्या चढायांवर नुसती रेघ न मारता चढाईपटू कोणत्या बाजूला गेला आणि कुठून परतला याची खूण करा. दोन मुलं वही घेऊन बसली तर हे काम होतं. आणि ‘उत्कृष्ट पकड’चं बक्षीस एकाला देण्याऐवजी कोपरा आणि कव्हर अशा जोडीला द्या. आपलं खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं. एकाच वजनाची दोन चांदीची पदकं घडवून घ्यायला आपल्याला कुठे बाहेरगावी जावं लागणार नाही.